अर्धी चड्डी आणि शिवणीतली माया

घरातील जुन्या छायाचित्रांची पेटी सवडीने उघडून पहा. शाळेच्या पायरीवर रांगेने उभे असलेले, सहलीला गडावर गेलेले, मामाच्या अंगणात आंब्याच्या राशीपाशी बसलेले मुलगे त्यांत आपणांस आढळतील. पंचवीस-तीस वर्षांच्या अंतराने काढलेल्या या चित्रांत टोप्या गेल्या, भांग बदलले, सदऱ्यांच्या कॉलरी लांब-आखूड झाल्या. परंतु गुडघ्याच्या वर थांबणारी ती सुती अर्धी चड्डी फारशी बदललेली दिसत नाही. आणखी निरखून पाहिलेत तर एक गंमत लक्षात येईल. ती चड्डी बहुधा त्या मुलाच्या मापाची नसते. एक तर ती चार बोटे मोठी असते, नाही तर दोन बोटे आखूड झालेली असते. नेमकी मापाची चड्डी मुलाच्या अंगावर असे, ती मधल्या काही महिन्यांपुरतीच!

हा ढगळपणा शिंप्याच्या गलथानपणातून आलेला नव्हता. त्यामागे घराघरांतून चालत आलेले एक हिशेबशास्त्र होते. पुढे ही चड्डी शिंप्याच्या दुकानातून निघून मोठमोठ्या डिपार्टमेंट स्टोअर्सच्या फडताळांत जाऊन बसली, तेव्हा त्या शास्त्रातील काही कलमे पुसली गेली आणि काही नवी, चांगली कलमे त्यात आली. काय गेले आणि काय आले, हे एकदा शांतपणे पाहण्यासारखे आहे. कारण मुलांचे कपडे घेण्याचा प्रसंग प्रत्येक घरात दर वर्षी येतोच.

एक वस्त्र, अनेक नावे

देशाच्या कोणत्याही भागात आपण राहत असलात, तरी हे वस्त्र आपल्या परिचयाचे असणार. मराठी घरांत तिला चड्डी किंवा अर्धी विजार म्हणत. पुढे हाफ पँट हा शब्द रुळला. हिंदी प्रदेशात ती नेकर किंवा निकर झाली, बंगालमध्ये हाफ प्यांट. तमिळ भाषेत तिला 'अरैक्काल सट्टै', म्हणजे अर्ध्या पायाचे वस्त्र, असे अगदी समर्पक नाव आहे. 'निकर' हा शब्द तर फारच लांबचा प्रवास करून आला. अमेरिकन लेखक वॉशिंग्टन आयर्विंग यांनी १८०९ मध्ये न्यूयॉर्कचा एक विनोदी इतिहास डीड्रिक निकरबॉकर या टोपणनावाने प्रसिद्ध केला. तेथल्या जुन्या डच रहिवाशांच्या गुडघ्याशी आवळलेल्या विजारींना पुढे याच नावाने ओळखू लागले, आणि त्याचा संक्षेप होऊन तो आपल्याकडील खेड्यापाड्यांतल्या मुलांच्या तोंडी बसला.

तिचा रंगही असाच फिरून आला. १८४६ च्या अखेरीस पेशावर येथे हॅरी लम्सडेन या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखाली गाइड्स नावाची पलटण उभी राहिली. डोंगराळ, धुळीच्या मुलखात लाल डगला दुरून उठून दिसे, म्हणून या पलटणीने मातकट रंगात रंगवलेले कापड वापरले. खाक म्हणजे धूळ. त्या फारसी शब्दावरून खाकी. उष्ण मुलखातील फौजांत विसाव्या शतकाच्या आरंभी गुडघ्यापर्यंतची विजार रुळली, आणि रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी १९०८ मध्ये बालवीरांसाठी आपले पुस्तक प्रसिद्ध केल्यावर तीच विजार मुलांच्या चळवळीचे चिन्ह ठरली. भारतात बालवीर पथके १९०९ पासून निघाली. स्वतंत्र भारतात निरनिराळ्या संघटना एकत्र येऊन ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था स्थापन झाली. शाळांच्या गणवेशातही खाकी किंवा निळी अर्धी चड्डी सर्वत्र झाली. आठवीत किंवा त्याच्या पुढेमागे मुलगा 'फुल पँट' घालू लागला की तो मोठा झाला, असे घरानेही मानावे आणि त्यानेही!

एका वाराचे गणित

ज्या कापडाची ही चड्डी होई त्याला ड्रिल म्हणत. शाळेतल्या कवायतीलाही ड्रिलच म्हणत असल्याने कवायतीचे कापड ते ड्रिल, अशी अनेकांची समजूत असे. वास्तविक या दोन शब्दांचे मूळ वेगळे आहे. कापडाचे नाव लॅटिनमधील 'तीन धाग्यांचे' या अर्थाच्या शब्दावरून आले आहे. साध्या विणीत आडवा धागा एका उभ्या धाग्याच्या वरून व दुसऱ्याच्या खालून जातो. ड्रिलमध्ये तो दोन-तीन धागे ओलांडून जातो आणि प्रत्येक ओळीत एक घर पुढे सरकतो. म्हणून त्यावर तिरप्या रेघा दिसतात. अशा विणीत धागे अधिक दाट बसवता येतात. झाडावर चढणारा, भिंतीवरून घसरणारा आणि मातीत फतकल मारणारा मुलगा अंगात असतानाही ते कापड टिके, याचे कारण हेच. मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, पेरांबूर भागातील बकिंगहॅम अँड कर्नाटिक मिलची खाकी या कामी विशेष नावाजलेली होती.

आता शिंप्याचे गणित पहा. छत्तीस इंच पन्ह्याचे ड्रिल घेतले, तर आठ-नऊ वर्षांच्या मुलाची चड्डी साधारण एका वारात बसे. लांबी पंधरा इंच, वर कंबरपट्टीत जाणारा एक इंच आणि खाली दुमडीसाठी दोन इंच, असे एका पायाला अठरा इंच. पुढचा व मागचा तुकडा शेजारी शेजारी मांडला की पन्ह्यातील अठ्ठावीस इंच संपत. दोन पायांचे मिळून छत्तीस इंच, म्हणजे बरोबर एक वार. बाजूला उरलेल्या आठ इंची पट्टीतून कंबरपट्टी, बटणपट्टी आणि खिशांच्या कडा निघत. खिशांच्या पिशव्यांना मांजरपाटाचा तुकडा लावला की झाले. कात्रीखाली वाया जाणारे कापड मुठीत मावेल इतकेच! पुढे १९५६ च्या प्रमाण वजने-मापे कायद्यानंतर वार जाऊन मीटर आला. पण कसलेल्या शिंप्याची बोटे बरीच वर्षे वारातच हिशेब करीत राहिली.

या हिशेबातले खरे मर्म त्या दोन इंचांच्या दुमडीत आणि मागच्या शिवणीत दाबून ठेवलेल्या जादा कापडात होते. आपल्या भाषेत या जादा कापडाला फार सुंदर शब्द आहे. त्याला 'माया' म्हणतात. "शिवणीत माया जरा जास्त ठेवा हो, वाढत्या अंगाचा आहे," हे वाक्य शिंप्याच्या पायरीवर उभ्या असलेल्या किती आयांनी उच्चारले असेल!

ही माया किती काळ पुरे? तीन-चार वर्षांच्या वयापासून पौगंडावस्थेच्या उंबरठ्यापर्यंत मूल वर्षाला सुमारे पाच ते सहा सेंटिमीटर वाढते. कमरेपासून गुडघ्यापर्यंतचा भाग ढोबळमानाने उंचीच्या एकतृतीयांश धरला, तर चड्डी वर्षाकाठी दोन सेंटिमीटरच्या आतबाहेर आखूड पडते. दोन इंचांची दुमड म्हणजे पाच सेंटिमीटर. याचा अर्थ अडीच वर्षांची तरतूद त्या दुमडीत असे. शरीरशास्त्राचे पुस्तक न उघडताही घरातील वडीलधाऱ्या बायकांना हा आकडा ठाऊक होता. वयात येताना मुलाची उंची एखाद्या वर्षात नऊ-दहा सेंटिमीटरनीही वाढते. तेथे ही माया अपुरी पडे, आणि बहुधा त्याच सुमारास फुल पँटची वेळ येई.

दुमड उसवली की तिच्या आत दडलेले, उन्हापाण्यापासून वाचलेले कापड गडद दिसे. जुन्या चड्डीच्या खालच्या कडेला अशी एक गडद पट्टी उमटे. ती पट्टी पाहून वर्गातली मुले चिडवीत, आणि काही मुलांना ते फार लागे. काटकसरीचा हा भाग आपण विसरू नये. घराची शिल्लक वाचे. पण तिची किंमत थोडीफार त्या मुलाच्या मनाने मोजलेली असे.

उन्हाळ्याची चड्डी

उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी वेगळी चड्डी घेण्याची चाल बहुतेक घरांत नव्हती. मार्च-एप्रिलात परीक्षा संपली की गणवेशाचीच जुनी चड्डी सुट्टीच्या कामी येई. विटल्यामुळे ती मऊ झालेली असे, बैठकीला ठिगळ लागलेले असे, आणि मळली-फाटली म्हणून कोणी रागावत नसे. गोट्या, चिंचोके, भोवऱ्याची जाळी असा मुलाचा सारा संसार तिच्या खिशात मावे. लहानग्यांसाठी मात्र आई घरच्या यंत्रावर पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाची, नाडीची चड्डी शिवी. कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सची 'उषा' यंत्रे घरोघरी पोचली, तेव्हापासून या घरगुती शिवणाला मोठीच चालना मिळाली.

सुट्टी संपली की ती चड्डी धाकट्या भावाकडे जाई, त्याच्यानंतर शेजारच्या किंवा नात्यातल्या मुलाकडे. अगदी विरली की तिचा धडका भाग काढून बाजाराची पिशवी होई, उरलेल्याचे फडके; आणि त्यातूनही काही शिल्लक राहिलेच, तर जुन्या कपड्यांच्या गाठोड्यात घालून ते बोहारणीच्या हवाली होई व घरात एखादे पातेले येई.

उन्हाळ्यात ही चड्डी सोयीची का होते, याचेही कारण साधे आहे. सुताचे तंतू हवेतील ओलावा आपल्या वजनाच्या सात-आठ टक्क्यांपर्यंत धरून ठेवतात. घाम कापडात शिरतो, पसरतो, वाऱ्याने उडून जातो आणि अंग निवते. १९४१ मध्ये इंग्लंडात व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोन रसायनशास्त्रज्ञांनी पॉलिस्टरचा धागा शोधून काढला. भारतात १९६० नंतरच्या दशकात ठाण्याच्या कारखान्यातून तो 'टेरीन' या नावाने निघू लागला. टेरीकॉटची चड्डी लवकर वाळे, तिची इस्त्री मोडत नसे, तिचा रंग विटत नसे. आयांचे श्रम तिने खरोखरीच कमी केले, हे मान्य केले पाहिजे. परंतु निव्वळ पॉलिस्टर आपल्या वजनाच्या अर्धा टक्काही ओलावा घेत नाही. मे महिन्याच्या दुपारी खेळून आलेल्या मुलाच्या मांडीला ते कापड चिकटून बसे, आणि कोपऱ्यात पडलेली जुनी सुती चड्डी त्याला पुन्हा आठवे.

मोठ्या दुकानांची दारे

आता बाजाराकडे वळू. शिंपी आणि कापडवाला यांच्या जोडीला तिसरे दुकान आले ते डिपार्टमेंट स्टोअर, म्हणजे एका छपराखाली अनेक खाती असलेले सर्ववस्तुभांडार. याचा आद्य नमुना म्हणून पॅरिसच्या 'बाँ मार्शे'चे नाव घेतात. आरिस्तीद बुसिको हे १८५२ मध्ये त्या दुकानात भागीदार झाले आणि त्यांनी तीन रीती रुळवल्या. प्रत्येक वस्तूवर किंमत लिहिलेली असावी, ती सर्वांना एकच असावी, आणि न आवडलेली वस्तू परत घेतली जावी. आज या गोष्टी आपणांस साध्या वाटतात. त्या काळी त्यांनी व्यापाराची तऱ्हाच पालटून टाकली.

भारतात ही पद्धत साहेबाबरोबर आली. मद्रासमधील स्पेन्सरची पेढी १८६३ ची. आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स ही इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी १८७१ मध्ये लंडनमध्ये काढलेली सहकारी संस्था. तिची शाखा १८९१ मध्ये मुंबईस आली आणि काळा घोडा भागातील तिची इमारत आजही उभी आहे. व्हाइटवे लेडलॉ ही कंपनी १८८२ मध्ये कलकत्त्यास सुरू झाली व तिच्या शाखा मुंबई, मद्रास, लाहोर, रंगून, सिंगापूरपर्यंत पसरल्या. तेथे उधारी चालत नसे. म्हणून लोकांनी तिच्या नावावर कोटी करून तिला 'राइट-अवे अँड पेड-फॉर' म्हणजे 'ताबडतोब आणि रोख' असे नाव ठेवले होते. मुंबईत हॉर्नबी रोडवर, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी मार्गावर, तिची भव्य वास्तू होती. विलायती मालाच्या त्या वास्तूत स्वातंत्र्योत्तर काळात खादीचे भांडार थाटले गेले, हा इतिहासाचा मोठा बोलका न्याय म्हटला पाहिजे.

या दुकानांच्या काचेपलीकडे मुलांचे तयार कपडे मांडलेले असत. परंतु सामान्य घरातील मूल ते बाहेरूनच पाही. आत जाण्यास कोणी मनाई करो वा न करो, दारावरचा गणवेशधारी दरवान आणि आतली इंग्रजी बोली यांनीच बहुतेकांचे पाऊल अडे. एकच भाव ही पद्धत चांगली होती, पण ती ज्यांना घासाघीस करण्याची गरज नव्हती अशांच्याच वाट्यास आली होती.

गिरणगावापासून कॅनॉट प्लेसपर्यंत

ही चांगली रीत सामान्य गिऱ्हाइकापर्यंत नेण्याचे काम आपल्याकडे सहकाराने केले. मद्रासच्या ट्रिप्लिकेन भागातील नागरिकांनी १९०४ मध्येच ग्राहकांची सहकारी संस्था काढली होती. मुंबईत नायगावच्या गिरणी कामगार वस्तीत १९४८ मध्ये अशीच संस्था उभी राहिली आणि 'अपना बाजार' या नावाने ती घरोघरी पोचली. जी माणसे साच्यांवर कापड विणत होती, त्यांनाच ते कापड वाजवी भावात मिळावे, आणि पगाराच्या दिवशी वाण्याच्या उधारीच्या वहीत नाव चढू नये, एवढीच साधी निकड त्यामागे होती.

सरकारचाही कापडाच्या भावाशी जुना संबंध होता. दुसऱ्या महायुद्धातील टंचाईत, १९४३ मध्ये, कापड व सूत नियंत्रणाचा हुकूम निघाला आणि गिरणीच्या कापडावर किंमत छापणे आवश्यक झाले. पुढे १९६४ मध्ये सामान्य माणसाच्या नित्य वापरातील काही जाडेभरडे व मध्यम प्रतीचे कापड नियंत्रित भावात पुरवण्याची योजना आली. त्यात कोणकोणती कापडे होती, हे मुद्दाम पाहण्यासारखे आहे. धोतर, साडी, लाँगक्लॉथ, शर्टिंग आणि पाचवे ड्रिल! मुलांच्या अर्ध्या चड्डीचे कापड धोतर-साडीच्या पंक्तीला येऊन बसले. देशातील घरांच्या गरजांत त्या चड्डीचे स्थान कोणते होते, याचा याहून अधिकृत दाखला कोणता हवा?

१९६२ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने ग्राहक सहकारी भांडारांची योजना हाती घेतली. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले, महागाईची धास्ती पसरली, आणि जुलैमध्ये दिल्लीच्या कॅनॉट प्लेसमध्ये 'सुपर बाजार' सुरू झाला. धान्यापासून चपलांपर्यंत सर्व काही एका छपराखाली आणि ठरल्या भावात मिळण्याची सोय झाली. मुंबईत १९६८ मध्ये सहकारी भांडार निघाले. अनेक राज्यांत निरनिराळ्या नावांनी अशी भांडारे उभी राहिली. येथे दरवान नव्हता, विजेच्या पंख्याखाली काऊंटर होते, आणि लाकडी फडताळांत मुलांच्या चड्ड्या वयाप्रमाणे रचून ठेवलेल्या असत.

भाव न करता

परप्रांतात राहणाऱ्या आपल्या वाचकांना या एकभावी दुकानाचे मोल अधिक कळेल. रेल्वेत, टपाल खात्यात, बँकेत किंवा सैन्यात नोकरी करणाऱ्या माणसाची बदली कलकत्त्यास होई, चेन्नईस होई, कानपुरास होई. घरधनी कचेरीत, नव्या गावातला बाजारहाट मात्र गृहिणीला करावा लागे. भाव करायचा तर भाषा हवी, आणि नुसती भाषा पुरत नाही. कोणत्या शब्दावर हसायचे, कितव्या पायरीवरून परत फिरायचे, हे सारे त्या गावच्या रीतीने जमावे लागते. ज्या बाईला बाजारात 'एवढे का?' असेही विचारता येत नव्हते, तिच्यासाठी चड्डीला टाचलेली किमतीची चिठ्ठी हा मोठाच आधार होता. अंक बहुतेकांना वाचता येत. त्या चिठ्ठीपुढे स्थानिक आणि परका, श्रीमंत आणि गरीब एकाच ओळीत उभे राहत.

मुलांच्या दृष्टीनेही हा फरक लहान नव्हता. आपल्या वस्तूवरून आई दुकानदाराशी वाद घालते आहे, दुकानदार "परवडत नसेल तर राहू द्या" म्हणतो आहे, आणि आपण मान खाली घालून उभे आहोत, हा प्रसंग त्या मुलांच्या वाट्यास येईनासा झाला. दुमडीच्या गडद पट्टीने जो मान थोडा दुखावला जाई, तो या दुकानाने थोडा परत दिला, असे म्हणावयास हरकत नाही.

वयाची चिठ्ठी

परंतु तयार चड्डीबरोबर एक नवी अडचण आली. शिंपी मुलाला समोर उभा करून फितीने मापे घेई. तयार चड्डीवर लिहिलेले असे 'वय ८' किंवा 'वय १०'. आठ वर्षांची दोन मुले शेजारी उभी करा; एकाची कंबर दुसऱ्याहून चार बोटे अधिक निघेल. वय हे काही माप नव्हे. शिवाय, कारखान्यात एकेक इंच कापड हजारो नगांच्या हिशेबाने मोजले जाते. तेव्हा दुमड दोन इंचांवरून पाऊण इंचावर आली आणि मागच्या शिवणीतली माया जवळजवळ नाहीशी झाली. कमरेला रबरी पट्टी आली. तिने कमरेची वाढ सांभाळली, पण बैठकीची आणि लांबीची सांभाळली नाही. वाढत्या अंगाचा विचार वस्त्रातून निघून गेला आणि दर वर्षी नवी खरेदी हाच त्यावरील उपाय ठरला.

पुढचा इतिहास आपल्या डोळ्यांसमोरचा आहे. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर अनेक गिरण्या पुन्हा नीट उभ्या राहिल्या नाहीत, आणि गिरणगाव ओसरत गेले. कापडाचा मोठा भाग भिवंडी, इचलकरंजी, मालेगाव येथील यंत्रमागांकडे गेला. १९९१ मध्ये अंधेरीस शॉपर्स स्टॉपचे पहिले दुकान निघाले. त्यापाठोपाठ नव्या धर्तीची भांडारे शहरोशहरी आली. दिल्लीचा सुपर बाजार तोट्यात गेला व २००२ मध्ये बंद पडला. नव्या दुकानांत कपडा घालून पाहण्याच्या खोल्या आल्या, न बसल्यास परत देण्याची सोय आली. अर्धी चड्डी बर्म्युडा झाली, 'थ्री-फोर्थ' झाली, आणि जी वयाने मोठे झाल्यावर सोडायची ती मुलांचे वडीलही सुट्टीच्या दिवशी घालू लागले!

मापाचा प्रश्न मात्र सुटला नाही. परदेशांतील मापांचे तक्ते थोडेफार बदलून आपल्याकडे वापरले जात आले. भारतीयांच्या शरीराची स्वतंत्र मापे असावीत म्हणून राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने 'इंडिया साइझ' हा प्रकल्प हाती घेतला. तो २०१८ मध्ये जाहीर झाला. देशाच्या सहा शहरांत पंचवीस हजारांहून अधिक माणसांची मापे यंत्राने घेण्याची ती योजना होती. उपक्रम स्तुत्य खरा. परंतु त्यासाठी ठरवलेली वयोमर्यादा होती १५ ते ६५ वर्षे. म्हणजे ज्यांचे माप सर्वांत लवकर बदलते, ती अर्ध्या चड्डीतली मुले या मोजणीबाहेरच राहिली. त्यांचे माप घेण्याचे काम अजून आपल्या घरांकडेच आहे.

खरेदीला निघण्यापूर्वी

म्हणून यंदाच्या उन्हाळ्यात मुलासाठी चड्डी घ्यावयास निघाल तेव्हा चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, घरून निघतानाच मुलाची कंबर, बैठकीचा घेर आणि कमरेपासून गुडघ्यापर्यंतची लांबी फितीने मोजून चिठ्ठीवर लिहून घ्यावी, आणि दुकानात वयाच्या आकड्याऐवजी तीच चिठ्ठी पुढे करावी. बैठकीच्या घेरापेक्षा चड्डी निदान चार बोटे सैल हवी. बसता-उठता फाटते ती तेथेच. दुसरी, आतली बाजू उलटून पहावी. खालची दुमड इंचभर तरी आहे का, मागच्या शिवणीत बोटभर कापड सोडले आहे का, खिशाच्या टोकांना आणि पायांच्या जोडाला दुहेरी टाके आहेत का, हे पाहण्यास अर्धा मिनिटही लागत नाही. तिसरी, कापडाची पट्टी वाचावी. घरी घालावयाची उन्हाळी चड्डी शक्य तो सुतीच असावी. प्रवासाला किंवा पावसाळ्यात मिश्र धाग्याची चालेल. कापड घेऊन शिवणार असाल तर ते आधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवावे. गिरणीच्या कापडावर पूर्वी 'सॅन्फोराइज्ड' असा छाप असे. अमेरिकेतील सॅन्फर्ड क्लुएट यांच्या पद्धतीने ते कापड आधीच दाबून आटवलेले असे. तसा भरवसा नसेल तेथे बादलीभर पाणी हाच उत्तम उपाय होय.

चौथी गोष्ट मुलाची. त्यास बरोबर न्यावे, चड्डी घालून दोन वेळा उकिडवे बसावयास व दोन उड्या मारावयास सांगावे, आणि रंगाची निवड त्याच्यावर सोपवावी. चड्डी मोठ्या भावाची असली तर तिची दुमड उसवल्यावर दिसणारी गडद रेघ झाकण्यासाठी वरून एक रंगीत पट्टी लावावी. पाच-दहा रुपयांच्या पट्टीने काटकसरही साधते आणि मुलाचा मानही राहतो.

जुन्या शिंप्याने वाढत्या अंगाची आठवण ठेवली. एकभावी दुकानाने गिऱ्हाइकाच्या मानाची. पहिल्याने कापडात जागा राखली, दुसऱ्याने वागणुकीत. दोन्ही गोष्टी एका ठिकाणी क्वचितच मिळाल्या, पण आज त्या एकत्र आणणे आपल्या हाती आहे. गावात एखादा शिंपी अजून यंत्रावर बसत असेल, तर वर्षातून निदान एक चड्डी त्याच्याकडे टाकावी आणि शिवणीत माया जास्त ठेवावयास सांगावे. ती शिवण दोन वर्षांनी उसवताना आपला मुलगा किती वाढला, हे फितीवाचूनही आपणांस कळेल.